काळ्या डब्यांतलं पाणी

महानंदाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका लोखंडी पिंपात डोकं घालून वास घेत होत्या.

लातूर जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भाड्याच्या घरांवर सरकारी कचेऱ्यांच्या पाट्या लागल्या होत्या, जागोजागी रस्ते उकरून ठेवले होते, आणि नळाला पाणी यायचं ते आठवड्यातून एकदा. शहराच्या कडेला जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत माझी पहिली नेमणूक झाली, तिथं तर नळही नव्हता. टँकर यायचा. एका व्यापाऱ्यानं पाणी साठवायला शाळेला मोठं पिंप दिलं होतं. पिंपाला झेंडूचा हार घातलेला, हेडमास्तर नारळ हातात घेऊन उभे, पोरं ओळीत बसवलेली, आणि एक बुटकी, काळीसावळी बाई टाचा उंच करून पिंपात वाकलेली.

"आधी काय होतं ह्याच्यात?" बाईंनी डोकं बाहेर काढून विचारलं.

"अहो बाई, दान दिलंय त्यांनी," हेडमास्तर दबक्या आवाजात म्हणाले.

"दान तर दिलं. पर आधी काय होतं, ते कुणी इचारलं का?"

व्यापाऱ्याचा मुनीम पुढं आला. "रंग होता बाई. पण धुऊन घेतलंय. चांगलं तीन येळेस."

"मग पहिला गिलास तुम्ही प्या."

मुनीम स्वतःच्या चपलांकडे बघायला लागला. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं, पण पिंपात पाणी काही भरलं गेलं नाही. शाळेच्या मागं पालापाचोळा टाकायला ते बरीच वर्षं उपयोगी पडलं. पोरं आपली मातीच्या रांजणातलं पाणी पीत राहिली. रांजण टँकर येण्याआधीच रिकामा व्हायचा, आणि त्याबद्दल हेडमास्तरांनी बाईंना कधी माफ केलं नाही.

त्या वेळी बाई जेमतेम सत्तावीस वर्षांच्या असतील. मी एकवीसची. पण मला त्या चाळिशीच्या वाटल्या. कपाळावर भस्माची तीन बोटं, गळ्यातलं लिंग पदराआड, सुती लुगड्याचा काठ कंबरेला घट्ट खोचलेला. चालताना उजवा पाय किंचित जपून टाकायच्या, कारण अंगठ्याचा सांधा मधूनमधून सुजून लाल व्हायचा. त्यासाठी चपलेचा अंगठा कापून टाकला होता. डोकं दुखायला लागलं की कपाळाला रुमाल करकचून बांधून तशाच वर्गावर जायच्या. पोरं रुमाल बघून आपोआप हळू बोलायची.

त्यांचं मूळ गाव मुखेडच्या बाजूचं. सतराव्या वर्षी उदगीरला लग्न झालं. तीन वेळा दिवस गेले, तिन्ही वेळा पोट रिकामं झालं. चौथ्या वर्षी सासरच्यांनी त्यांना माहेरी आणून सोडलं आणि नवऱ्याचं दुसरं लग्न लावलं. बाई डी.एड. झाल्या. नव्या जिल्ह्यात शिक्षक हवे होते, त्यांना लातूर मिळालं. वडील तोवर वारले होते. आईला घेऊन त्या शाळेजवळच दोन खोल्यांत राहायच्या. आईला त्या अव्वा म्हणत, म्हणून आम्हीही सगळे अव्वाच म्हणायचो. एवढंच मला पहिली काही वर्षं ठाऊक होतं, आणि तेही शिक्षकांच्या खोलीत इतरांकडून ऐकलेलं.

बाईंची एक गोष्ट मला फार नवलाची वाटायची. त्यांच्या लक्षात काही राहायचं नाही. हजेरी, मीटिंगची वेळ, पोरांची नावं, सगळं त्या डाव्या तळहातावर शाईनं लिहून ठेवायच्या. सतराच्या पुढचे पाढे त्यांना स्वतःला धड येत नव्हते, आणि ते त्या लपवायच्याही नाहीत. "थांबा रे, मलाबी बघून घेऊ द्या," असं म्हणून फळ्याच्या कडेला बोटं मोजायच्या. गंमत अशी की शाळेत गणित त्यांच्याइतकं चांगलं कुणी शिकवत नव्हतं. मला जे एका दमात कळलेलं असे, ते पोराला का कळत नाही हेच मला समजायचं नाही. बाईंना ते बरोबर समजायचं. कुठल्या पायरीवर पाय घसरतो, हे त्यांना स्वतः घसरून कळलेलं असे.

"ज्याला चटकन येतं ना मंगल," त्या मला म्हणाल्या होत्या, "त्याला दुसऱ्याचं अडलेलं दिसत न्हाई. माझं डोकं लहानपणापासून गळकं हाय. मी एकेक थेंब धरून ठेवला."

राग मात्र भयंकर. कधी, कशावरून उसळेल याचा नेम नसायचा. एकदा एका गुरुजींनी वर्गातल्या मुलाला सगळ्यांसमोर 'ढ' म्हणून बाकावर उभं केलं. बाई शेजारच्या वर्गातून खडू हातात घेऊनच आल्या. "दगडाला ढ म्हना. लेकराला न्हाई. त्याच्या डोक्यात काय झालंय, तुमी आत जाऊन बघितलं का?" आवाज इतका चढला की शाळा थांबली. मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. दुपारच्या सुट्टीत गुरुजींच्या टेबलावर त्यांनी अव्वानं केलेली शेंगाची चटणी पुरचुंडीत बांधून ठेवली. माफी मागायची त्यांची ही रीत होती. आमच्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी ती चटणी खाल्लेली आहे.

आणि स्वच्छतेचं वेड. सोमवारी नखं. भाकरी खाण्याआधी प्रत्येकाचे हात त्या तांब्यानं स्वतः धुवायच्या, पाण्याची कितीही टंचाई असो. कुणी पेन्सिल चावली, भिंतीचा रंग खरवडून तोंडात घातला, माती खाल्ली, की त्या वर्ग सोडून त्या पोराचं तोंड धुवायला न्यायच्या. नवीन पोर वर्गात आलं की त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच ओढून हिरड्या बघायच्या. आम्ही समजायचो, दात किडलेत का ते बघतात. मग विचारायच्या, "बाप काय करतो रे?"

बालाजी नावाचा मुलगा अशा रीतीनंच त्यांच्या नजरेत आला.

सात वर्षांचा असेल. पिवळट चेहरा, पोट दुखतं म्हणून सारखा वाकून बसायचा. पहिलीत दोनदा बसला होता. काल शिकलेलं अक्षर आज त्याला परकं वाटायचं. बाईंनी ओठ ओढून बघितला आणि त्यांचा हात तसाच थांबला. मी शेजारी उभी होते. हिरडीच्या कडेनं, दातांच्या अगदी मुळाशी, निळसर काळी रेघ होती. पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक.

"बाप काय करतो रे बाळा?"

"बॅटऱ्या नीट करतो. ट्रकच्या."

"कुठं?"

"घरीच."

शाळा सुटल्यावर बाई म्हणाल्या, "मंगल, चल गं माझ्यासंगं. मला एकटीला धीर होईना."

बाईंना धीर होत नाही हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

बालाजीचं घर पाच मिनिटांवर होतं. अंगणात एका बाजूला चुलवण, त्यावर लोखंडी कढई, शेजारी फोडलेल्या बॅटऱ्यांच्या करड्या पट्ट्यांचा ढीग. सगळ्या अंगणावर राखेसारखी भुकटी. त्या भुकटीत दीड-दोन वर्षांची एक मुलगी बसून डबीनं ती उकरत होती आणि मधेच बोटं चोखत होती. बालाजीचे वडील विठ्ठल, सरळ माणूस. शाळेतल्या बाई आल्या म्हणून त्यानं खाटेवर चादर टाकली, बायकोला चहा टाकायला सांगितलं.

"चहा नको," बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष मुलीकडे होतं. "विठ्ठलभाऊ, हे इथनं हलवा. शिसं हाय हे. लेकरांच्या पोटात जातंय."

विठ्ठल हसला. "बाई, धा वर्षं झाली मला. मला काय झालं? आन् कढई तर मी हातानं हलवतो."

"तुमाला न्हाई व्हणार लवकर. मोठ्या माणसाच्या अंगाला थोडं लागतं. लेकराच्या अंगात मुरतं ते. बालाजीला शिकलेलं कामून राहत न्हाई, त्याचं पोट कामून दुखतं..."

"म्हंजे माझा धंदा बंद करायला आल्या तुमी?" विठ्ठलचा आवाज बदलला. "पोरगं शिकंना तर तुमी शिकवा की. पगार घेता ना?"

मला वाटलं, आता बाई उसळतील. पण त्या खाली बसल्या, त्या भुकटीपासून हातभर अंतरावर, आणि अगदी हळू बोलायला लागल्या.

"मी अकरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "बहात्तरचा दुष्काळ."

त्या दिवशी जे ऐकलं ते मी इथं माझ्या शब्दांत सांगते. गावात विहिरी आटल्या तशी त्यांच्या वडलांनी देवणी बैलांची जोडी विकली आणि बायको, मुलगी, पाच वर्षांचा मुलगा शिवलिंग यांना घेऊन नांदेड गाठलं. शहराबाहेर एका वाड्यात जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम चाले. त्या साली धान्याचे ट्रक आणि पाण्याचे टँकर अखंड धावत होते, बॅटऱ्यांचे ढीग येऊन पडत होते. वडलांना तिथं काम मिळालं आणि भिंतीला लागून पत्र्याची खोलीही मिळाली. मंडळी खुश झाली. पाणी मात्र दोन दिवसांतून एकदा. टँकर आला की जेवढं भरून घ्याल तेवढं आपलं. घरात एक घागर आणि एक कळशी.

तेव्हा अव्वानं मालकाकडून रिकामे डबे मागून घेतले. बॅटरीचे डबे. काळे, जाड, आत तीन कप्पे असलेले. फुटत नाहीत, गळत नाहीत. दहा-बारा डबे भिंतीकडेनं ओळीत मांडले. राखेनं घासायचं आणि टँकर आला की भरायचं काम महानंदाचं. त्या पाण्याला जराशी आंबूस चव यायची. दुष्काळात पोराच्या जिभेला दुसरं काय मिळत होतं? शिवाला ती चव आवडायची. तो म्हणायचा, "अक्का, चिंचंचं पाणी दे."

"मी द्यायची," बाई म्हणाल्या. "लाडका होता माझा. मागंल तेवढं द्यायची."

दोन महिन्यांत शिवाचं पोट दुखायला लागलं. जेवण सुटलं. चिडचिडा झाला, चालताना तोल जायला लागला. मग एक दिवस झटके आले. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, अंगारा लावला. तिसऱ्यांदा झटके आल्यावर वडील त्याला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं शिवाचा ओठ ओढून बघितला आणि विचारलं, तुम्ही राहता कुठं? दुपारी तो स्वतः सायकलवर खोलीत आला. डबे बघितले. एकात बोट फिरवून बघितलं. आणि मग काही न बोलता एकेक डबा उचलून सगळं पाणी जमिनीवर ओतून दिलं.

"लोक धावून आले त्याच्या अंगावर," बाई म्हणाल्या. "दुष्काळात पाणी ओतून देणारा माणूस. मीबी त्याचा हात धरला. म्हटलं, साहेब, मी रांगंत उभं राहून भरलंय. तो मला म्हणाला, बेटा, हे पाणी न्हाई."

शिवा दोन दिवसांनी गेला. डॉक्टरनं दवाखान्याच्या फाटकाजवळ वडलांना समजावून सांगितलं, महानंदा शेजारी उभी होती. परत येताना वडील तिला म्हणाले, अव्वाला सांगायचं नाही. डबे तिनं मागून आणले. कळलं तर ती जगायची नाही. ताप डोक्यात गेला, आणि पाणी नासलं होतं म्हणून डॉक्टरनं ओतलं, एवढंच सांगायचं.

"ते मी आजपत्तोर कुणाला बोलले न्हाई," बाई म्हणाल्या. "आज तुमाला सांगितलं, विठ्ठलभाऊ. आता तुमी काय बी करा."

विठ्ठलची बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आली, भुकटीतल्या मुलीला उचललं आणि तिचे हात, मग तोंड, मग पाय धुवायला लागली. धुऊन झालं तरी धुतच राहिली.

विठ्ठलनं दुसऱ्या दिवशी भट्टी हलवली असं लिहिलं तर खोटं होईल. पंधरा-वीस दिवस काहीच झालं नाही. मग त्याची बायको शाळेत आली. म्हणाली, मी लेकरं घेऊन देवणीला माहेरी चालले, भट्टी निघाल्याशिवाय परत येणार नाही. सहा महिने ती आली नाही. विठ्ठलनं अखेर गावाबाहेर एका माळावर पत्रे ठोकले. तिथंच आंघोळ करून, कपडे बदलून तो घरी यायला लागला. अंगणातली हातभर माती बाईंनी उभं राहून त्याच्याकडून काढून घेतली. बालाजी परतला तेव्हा चेहऱ्यावर रक्त आलं होतं. वाचायला शिकला. गणित कायम लंगडंच राहिलं. पूर्ण भरून आलं असं मी म्हणणार नाही, बाईही म्हणायच्या नाहीत. धाकटी मुलगी मात्र पुढं वर्गात पहिली यायची, आणि तिचा निकाल लागला की बाई दिवसभर कुणावरही चिडायच्या नाहीत.

अशी दहा-बारा वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. बाई होत्या तशाच होत्या, फक्त डोक्याचा रुमाल आता बहुतेक रोज दिसायचा. मग एकदा शिक्षकांची तपासणी झाली. रक्तदाब मोजणाऱ्यानं बाईंचा पट्टा दोनदा सोडून दोनदा बांधला आणि बाईंना उठू नका म्हणाला. त्यानंतर पायांवर सूज. सकाळी डोळ्यांखाली सूज. लातूरच्या डॉक्टरांनी सोलापूरला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं. बाईंबरोबर मी गेले.

ते वयस्क होते, सावकाश बोलणारे. कागद बघून झाल्यावर म्हणाले, "मूत्रपिंडं बरीच गेलीत. वय अडतीस. साखर नाही. घरात कुणाला होतं?"

"न्हाई."

"पायाचा अंगठा कधीपासून सुजतो?"

"लई वर्षं झाली. पंचवीशीच्या आधीपासून."

"मुलं?"

"तीनदा पडलं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "लहानपणी कुठं राहत होता?"

बाईंनी सांगितलं. विठ्ठलच्या अंगणात सांगितलं होतं तसंच, तितक्याच शांतपणे. भाऊ कसा गेला तेही सांगितलं. डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "आणि ते पाणी तुम्हीही पीत होता ना?"

बाईंचा अंगठा आपोआप स्वतःच्या खालच्या ओठाकडे गेला.

इतकी वर्षं या बाईनं शाळेतल्या शेकडो पोरांचे ओठ ओढून हिरड्या बघितल्या होत्या. आरशापुढं उभं राहून स्वतःचा ओठ एकदाही ओढून बघितला नव्हता.

"हो की," त्या म्हणाल्या. "पेले की मीबी."

डॉक्टरांनी समजावलं. शिसं रक्तात फार दिवस राहत नाही, हाडात जाऊन बसतं. तिथं वर्षानुवर्षं राहतं आणि थोडं थोडं सुटत असतं. मूत्रपिंड, रक्तदाब, सांधे, सगळ्याला हळूहळू खातं. बाई गरोदर असली की पोटातल्या बाळासाठी हाडं झिजतात, तेव्हा ते जास्त सुटतं. "आज मी छातीठोक सांगू शकत नाही," ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी सिद्ध करणं अवघड आहे. पण तुमची हकीकत ऐकून मला दुसरं काही वाटत नाही." लवकरच मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागेल, दर आठवड्याला यावं लागेल, असंही ते म्हणाले.

परतीच्या एस.टी.त तुळजापूर मागं पडेपर्यंत बाई बाहेर बघत होत्या. मग खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाल्या, "म्हंजे माझी कूस वाईट नव्हती."

मी त्यांचा हात धरला.

"सासू म्हणायची, हिचं पोट जळकं हाय. मीबी तेच समजून बसले." थोड्या वेळानं त्यांना हसू आलं. "उदगीरला पत्र टाकावं का गं? म्हणावं, कारण सापडलं?" आणि लगेच म्हणाल्या, "कशाला. तिघं लेकरं हायत त्याला. सुखात राहू दे."

घराजवळ आल्यावर थांबून त्यांनी मला बजावलं, "अव्वाला फक्त मूत्रपिंडाचं सांगायचं. बाकी न्हाई."

पुढं रोज शाळा सुटल्यावर मी त्यांच्याकडे जायला लागले. एकदा बाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या आणि अव्वा बाहेर सुपात लसूण सोलत बसली होती. वाकलेली, हाडकुळी, पण नजर स्वच्छ. तिनं आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"मंगल, तुला एक सांगते. महानंदाला बोलायचं न्हाई."

"काय अव्वा?"

"तिला हे जे झालंय, ते त्या पाण्याचं हाय."

मी सुपातली एक लसणाची गाठ उचलून सोलायला लागले.

"तिला ठावं न्हाई," अव्वा म्हणाली. "तिला वाटतं शिवा तापानं गेला. तिच्या बापानं तसंच सांगितलं सगळ्यांला. पर त्या डाक्टरनं डबा पालथा केला, आतनं बोट फिरवलं, आन् माझ्याकडं बघितलं. मी अडाणी हाय, आंधळी न्हाई. डबे मी मागून आणले होते, माय. मालकाच्या पाया पडून. एक लेकरू तवाच गेलं. आता हिचं असं. तिला कळलं की हे माझ्या हातनं झालं, तर कोणत्या तोंडानं तिच्या हातचं पाणी पिऊ?"

मी लसूण सोलत राहिले. पंचवीस-सव्वीस वर्षं दोन खोल्यांच्या घरात या दोघी एकमेकींना वाचवत बसल्या होत्या, आणि दोघींच्या मधे ते पोर एकटं पडलं होतं. त्याचं नाव त्या घरात मी कधी ऐकलं नव्हतं. भिंतीवर फोटो नव्हता, वर्षातून एकदाचंही काही नव्हतं.

आठ दिवस मी गप्प राहिले. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, दुसऱ्याच्या घरात हात घालू नको. पण बाईंचा चेहरा रोज जास्त सुजलेला दिसत होता आणि वेळ थोडा आहे हे मला कळत होतं. नवव्या दिवशी शाळेतल्या रिकाम्या वर्गात बाई पोरांच्या वह्या तपासत बसल्या असताना मी त्यांना सांगितलं. अव्वाचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

बाई तपासत होत्या ती वही त्यांनी पूर्ण तपासली. खाली सही केली. मग एकदम भडकल्या. "तुला कुणी सांगितलं होतं मधे पडायला? तिनं बोलू नको म्हटलं होतं ना? मग कामून बोललीस?" मी रडायला लागले. त्या उठून तरातरा निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर शेंगाच्या चटणीची पुरचुंडी होती आणि बाई खुर्चीत बसल्या होत्या. रात्रभर रडल्या असाव्यात.

"सांगितलं मी तिला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, अव्वा, डबे तू आणलेस, पर पाणी मी भरलं. शिवाला मी पाजलं. ती मला म्हणते, तू अकरा वर्षांची होतीस गं, तुझा काय दोष. मी म्हटलं, तुझा तरी काय दोष. दुष्काळात पाणी साठवलं, त्यात काय गुन्हा केलास." त्या थांबल्या. "मग अव्वा म्हणाली, त्याला जिथं मातीत ठेवलं ती जागा एकदा बघून येऊ."

सोलापूरला मशीनसाठी आठ दिवसांनंतरची वेळ ठरली होती. त्याआधी नांदेडला जाऊन यायचं, तिथून दोन दिवस मुखेडकडे गावी, असं बाईंनी ठरवलं. मी म्हटलं, आधी सोलापूर करा. त्या ऐकायच्या नव्हत्या.

त्या परतल्या नाहीत. गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना श्वास लागला. नांदेडच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. मी गेले तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी सांगितलं नसतं तर त्या गेल्या नसत्या, सोलापूरला वेळेवर पोचल्या असत्या, हा विचार मी पुष्कळ दिवस उगाळला. अव्वा पुढं पाच वर्षं जगली. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. सोलापूरच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, फार तर काही महिने मिळाले असते. खरंखोटं तेच जाणोत.

पण त्या निघाल्या त्या सकाळी लातूरच्या बसस्टँडवर मी होते. नांदेडची गाडी लागली तशी गर्दी उसळली. अव्वानं पदर खोचला आणि चक्क कोपरानं माणसं बाजूला सारत लेकीला वर चढवलं. खिडकीजवळची जागा मिळवली. बाईंचा चेहरा सुजलेला होता, डोक्याला रुमाल होता. मी खिडकीखाली उभी राहून गोळ्या कधी घ्यायच्या ते सांगत होते. बाई मान हलवत होत्या, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. अव्वा त्यांना काहीतरी सांगत होती.

"न्हाई गं अव्वा," बाई म्हणाल्या, "डाव्या गालावर होता तीळ."

"उजव्या," अव्वा म्हणाली. "मी त्याची माय हाय का तू?"

"मी न्हाऊ घालायची त्याला. डाव्याच गालावर."

कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. मी हात वर केला, पण दोघींपैकी कुणी बघितलं नाही. फाटकातून गाडी वळेपर्यंत मला त्या दिसत होत्या. दोघी एकाच वेळी बोलत होत्या, हात हलवून भांडत होत्या, आणि बाई मान मागं टाकून हसत होत्या.